सफारीची गाडी आणि शेताचा बांध

आफ्रिकेत सफारीला गेलेल्या पर्यटकांना गाडी सुरू होण्याआधीच बजावले जाते: गाडीत उभे राहू नका, खाली उतरू नका. केनियातील मसाई मारात सिंह गाडीच्या अगदी जवळून जातो, तरी आतल्या माणसांकडे सहसा लक्ष देत नाही. पाठलाग न करणारी गाडी त्याच्या सवयीची झालेली असते. गाडी आणि माणसे मिळून त्याला एकच मोठी आकृती दिसते. कुणी उभे राहिले की ती आकृती बदलते आणि जनावर सावध होते.

मसाई मारातला बिबट्या आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेतला बिबट्या एकाच जातीचे. फरक आहे तो माणसाच्या बाजूने. तिकडचा पर्यटक गाडीत बसलेला असतो. सिल्लोड तालुक्यातला शेतकरी मात्र रात्रीची वीज आली की मक्याला पाणी द्यायला पायीच निघतो.

या भागातल्या डोंगरांतून मोठी जनावरे ये-जा करतात. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ २०१९ मध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे त्याची सुमारे १,३०० किलोमीटरची भटकंती नोंदली गेली. मार्च २०२१ मध्ये टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ कन्नडजवळच्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यात कॅमेऱ्याने टिपला. तिथे वाघ दिसला तो जवळपास आठ दशकांनी. वाघ क्वचित येणारा पाहुणा. बिबट्या मात्र इथलाच रहिवासी.

अंधारात बिबट्याची बाजू वरचढ असते. त्याच्या डोळ्याची बाहुली खूप मोठी होते आणि दृष्टिपटलामागे आरशासारखा थर असतो. आत शिरलेला उजेड या थरावरून परत फिरतो आणि दृष्टिपटलाला दुसऱ्यांदा उपयोगी पडतो. बॅटरीच्या झोतात त्याचे डोळे चमकतात ते यामुळेच. माणसाच्या डोळ्यांत हा थर नाही. उजेडातून बाहेर पडल्यावर आपले डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात. तेवढ्यात मोबाइलच्या पडद्याकडे पाहिले की तो सराव बराचसा मोडतो.

बिबट्या दबा धरून शिकार करतो. वाकून काम करणारा, शौचाला बसलेला माणूस किंवा लहान मूल त्याला बुटक्या जनावरासारखे दिसू शकते. म्हणून रात्री शेतात एकट्याने जाऊ नये. हातात काठी आणि चांगली बॅटरी असावी. मोठ्याने बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावून चालावे. बिबट्या समोर आलाच तर पळू नये आणि खाली वाकू नये. ताठ उभे राहावे, हात वर करावेत, आवाज करावा आणि तोंड त्याच्याकडेच ठेवून हळूहळू मागे सरावे. बिबट्याला घेरणारी, फोटोसाठी मागे धावणारी गर्दी सर्वांत धोक्याची; निघून जायची वाट बंद झाली की तो अंगावर येतो. अशा वेळी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

हल्ला झालाच, तर जखमेच्या बाहेरच्या आकारावर विसंबू नये. सुळ्यांची छिद्रे वरून लहान दिसली तरी खोल असतात आणि तोंडातले जंतू आत शिरलेले असतात. रक्त जोरात वाहत असेल किंवा जखम मानेला, डोक्याला असेल, तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे आणि १०८ ला फोन करून लगेच रुग्णालय गाठावे. इतर जखमा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवाव्यात. हळद, मिरची, चुना, तेल काहीही लावू नये.

वन्य प्राण्याच्या प्रत्येक चाव्याची गणना रेबीजच्या सर्वांत गंभीर, म्हणजे तिसऱ्या श्रेणीत होते. यात नुसती लस पुरत नाही. लसीमुळे शरीरात संरक्षण तयार व्हायला काही दिवस लागतात. तोवर विषाणूला जखमेतच अडवण्यासाठी जखमेच्या आत आणि भोवती अँटीरेबीज सिरम द्यावे लागते. सिरम प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असतेच असे नाही. म्हणून सिल्लोडचे उपजिल्हा रुग्णालय किंवा छत्रपती संभाजीनगरची घाटी गाठणे योग्य. टाके घालण्याची घाई करू नये. धनुर्वाताचे इंजेक्शनही लागते. सरकारी रुग्णालयांत त्वचेत दिल्या जाणाऱ्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८ असे असतात. जखम सुकली म्हणून शेवटचे डोस टाळणे जिवावर बेतू शकते, कारण लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजचा रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही.

हल्ल्याची माहिती वनविभागाला लगेच द्यावी आणि रुग्णालयाची कागदपत्रे जपून ठेवावीत. जखमींना शासनाकडून आर्थिक मदत मिळते आणि तिच्यासाठी या नोंदी लागतात.