हॅश जुळला म्हणजे काय कळते?

भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला. धाराशिवच्या न्यायालयात मोबाइलवरची चित्रफीत पुरावा म्हणून द्यायची, तर आता कलम ६३ च्या प्रमाणपत्रात तिचा हॅश (फाइलवरून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची खूण) लिहावा लागतो. एसएचए-२५६ पद्धतीत ती ६४ अक्षर-अंकांची असते. फाइल केवढीही असो, लांबी तीच. आत एवढासा बदल झाला तरी खूण पार पालटते.

नंतर पुन्हा काढलेला हॅश प्रमाणपत्रातल्या हॅशशी जुळला म्हणजे चित्रफीत खरी, असा समज आढळतो. तसे नाही. बियाण्याच्या पिशवीचे सील शाबूत असेल तर ती मध्ये कुणी उघडली नाही, एवढेच कळते. आतले सोयाबीन उगवेल का, हे सील सांगत नाही. आधीच कापछाट केलेल्या चित्रफितीचाही हॅश निघतो आणि जुळतो. म्हणून तो घटनेनंतर किती लवकर काढला, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. उलट, व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या चित्रफितीचा आकार ॲपच कमी करते. तिचा हॅश मूळ फाइलशी जुळत नाही, पण त्यात लबाडी असेलच असे नाही. मूळ फाइल फोनमध्ये जपून ठेवावी.

हॅश जुळला म्हणजे फाइल खरी असे नाही, हे डाउनलोड केलेल्या सॉफ्टवेअरलाही लागू. फाइल आणि हॅश एकाच संकेतस्थळावरून घेतले, तर तिथे घुसलेला माणूस दोन्ही बदलू शकतो.