गोरे इस्रायल, काळे इस्रायल

पनवेलचं बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचं. ते उभारणारे बेने इस्रायली म्हणजे कोकणातले मराठीभाषक यहुदी. बरेच जण तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी ते बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आडनावंही गावांवरून पडलेली: पेणकर, रोहेकर, केहीमकर.

या लहानशा समाजातही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन तट होते. नावं रंगाची, पण कातडी पाहून कोण कुठला हे सांगता येत नसे. वंशात बाहेरची स्त्री आल्याचं ज्यांच्याविषयी मानलं जाई, ते काळे. धर्म एक, प्रार्थना एक, मलिदा या विधीच्या ताटातले गोडे पोहे, खोबरं आणि फळंही तीच. तरी दोघांत बेटीव्यवहार होत नसे. आजूबाजूच्या जातिव्यवस्थेचीच ही छाया.

पुढे हा समाज इस्रायलला गेला, तेव्हा चक्र उलटं फिरलं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठानं बेने इस्रायलींच्या लग्नाआधी त्यांची वंशावळ तपासण्याचा आदेश काढला. इथं गोरे म्हणून मिरवणारेही तिथं संशयित ठरले! मोठं आंदोलन झालं. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेनं त्यांच्या समान दर्जाचा ठराव केला.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात यहुदी आणि भारतीय असे दोन्ही वारसे ठळकपणे मिसळलेले आढळले. ज्या ‘शुद्ध’ रक्तापायी सोयरिकी नाकारल्या गेल्या, ते कधी अस्तित्वातच नव्हतं.