अशोक कुमारला नोटीस कोण देणार?

25 जून 2021 रोजी तत्कालीन केंद्रीय माहिती तंत्रज्ञानमंत्री रविशंकर प्रसाद यांना सुमारे तासभर स्वतःचेच ट्विटर खाते उघडता आले नाही. एका जुन्या चित्रफितीतील गाण्यावर अमेरिकी कॉपीराइट कायद्यान्वये तक्रार आली होती, गाणे ए. आर. रहमान यांचे 'मां तुझे सलाम' असल्याचे मागाहून उघड झाले. नव्या नियमावलीवरून सरकार आणि ट्विटर यांच्यात तेव्हा जुंपलेली होती, त्यामुळे राजधानीत या तासाभराची चर्चा पुढे कितीतरी दिवस पुरली. मंत्रिमहोदयांचा आक्षेप नेमका होता. खाते बंद करण्यापूर्वी आपल्याला पूर्वसूचना दिली गेली नाही आणि म्हणून माहिती तंत्रज्ञान नियमांतील नियम 4(8)चा भंग झाला, असे त्यांचे म्हणणे. माहिती तंत्रज्ञानविषयक संसदीय स्थायी समितीचे तेव्हाचे अध्यक्ष शशी थरूर विरोधी बाकांवरचे. पण आपल्यावरही हाच प्रसंग गुदरल्याचे सांगून त्यांनी मंत्र्यांच्या सुरात सूर मिसळला.

तक्रार रास्तच होती. अडचण एवढीच, की हीच तक्रार सामान्य नागरिकाने केली तर ती ऐकून घेण्याची व्यवस्था या देशात जवळपास नाही. गेल्या दोन दशकांत संकेतस्थळे बंद करण्याची जी यंत्रणा दिल्लीत उभी राहिली, तिची घडण पूर्वसूचनेशिवाय, सुनावणीशिवाय काम करण्याचीच आहे. या यंत्रणेची रंगीत तालीम राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाने झालेली नाही. ती झाली चित्रपट आणि क्रिकेटच्या कॉपीराइटच्या नावाने, आणि तीही न्यायालयांच्या देखरेखीखाली.

तिची सुरुवात 2002 सालची. फुटबॉलच्या विश्वचषकाचे प्रक्षेपण परवान्याविना दाखवणाऱ्या केबलचालकांविरुद्ध टेन स्पोर्ट्सची बाजू दिल्ली उच्च न्यायालयात आली. चालक कोण, किती, कुठल्या गल्लीतले, हे कुणालाच ठाऊक नव्हते आणि सामने महिनाभरात संपणार होते. न्यायालयाने अज्ञात प्रतिवादींविरुद्ध हुकूम दिला आणि आयुक्त नेमून पुरावे जप्त करण्याची मुभा दिली. इंग्लंड-अमेरिकेत अशा अनामिक प्रतिवादीला 'जॉन डो' म्हणतात. आपल्याकडे त्याचे बारसे 'अशोक कुमार' असे झाले. दिल्लीतल्या कुठल्याही सरकारी कार्यालयात या नावाचा किमान एक माणूस सापडतोच, म्हणून हे नाव निवडले असावे. त्या वेळची निकड खरी होती. पुढे मात्र निकड सरली आणि अशोक कुमार तेवढा उरला.

2012 सालची गंमत पाहण्यासारखी आहे. त्या जानेवारीत अमेरिकेच्या काँग्रेससमोर 'सोपा' नावाचे विधेयक होते. परदेशी पायरसी संकेतस्थळे अमेरिकेत दिसूच नयेत यासाठी सरकारच्या महाधिवक्त्याला न्यायालयामार्फत आदेश मिळवण्याचा अधिकार त्यात होता. 18 जानेवारीला इंग्रजी विकिपीडियाने दिवसभर अंधार केला, मतदारांनी प्रतिनिधींचे दूरध्वनी वाजवून सोडले आणि दोन दिवसांत विधेयक बासनात गेले. आपल्याकडे असे विधेयक संसदेत आलेच नाही, कारण त्याची गरजच पडली नाही. त्याच वर्षी 'कोलावेरी डी' गाण्यामुळे गाजलेल्या '3' या तमिळ चित्रपटाच्या बाजूने मद्रास उच्च न्यायालयाने अज्ञातांविरुद्ध हुकूम दिला आणि इंटरनेट सेवा कंपन्यांनी मे महिन्यात पायरेट बेबरोबर व्हिमिओ आणि डेलीमोशनसारखी संपूर्ण संकेतस्थळेही बंद करून टाकली. हुकूम विशिष्ट पानांपुरताच आहे, असे न्यायालयाला जूनमध्ये स्पष्ट करावे लागले. अमेरिकी काँग्रेसला जे पचवता आले नाही, ते आपल्याकडे अंतरिम हुकुमांनी विनासायास घडून गेले. त्यावर एका खासदारालाही मत द्यावे लागले नाही.

त्याच वर्षी संसदेने कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती केली होती. लेखी तक्रार आल्यास मध्यस्थ कंपनीने मजकूर 21 दिवसांपुरता रोखावा आणि तेवढ्या अवधीत तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला करता यावा, अशी तिची योजना. 2013च्या नियमांनी रोखण्यासाठी 36 तासांची मुदत घातली. तक्रारदाराला घाई असेल तर त्याने न्यायालयाची पायरीही चढावी, असा हा समतोल होता. पण बड्या निर्मात्यांना तो मंद वाटला असावा. त्यांनी अशोक कुमारचाच रस्ता धरला.

या वाटेवर मुंबई उच्च न्यायालयाने एकदा पाय रोवले, त्याची आठवण महाराष्ट्राबाहेर फारशी कुणाला नाही. 2016 हे वर्ष पायरसीच्या दृष्टीने वाईटच होते. 'उडता पंजाब' प्रदर्शनाच्या दोन दिवस आधीच फुटला आणि फुटलेल्या प्रतीवर 'सेन्सॉरसाठी' अशी खूण होती; 'सैराट'च्या चोरट्या प्रती तर गावोगाव मोबाइलवर फिरल्या. अशा वातावरणात 'ढिशूम'च्या निर्मात्यांनी मागितलेला सरसकट हुकूम न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी तसाच दिला नाही. प्रत्येक दुव्याची पडताळणी करून ती प्रतिज्ञापत्रावर सांगा. हुकमाला मुदत असेल. बंद पानावर कोणत्या न्यायालयाने, कोणत्या दाव्यात हे पान बंद केले ते लिहा, म्हणजे ज्याचे नुकसान झाले त्याला दाद मागता येईल. अशोक कुमारला दाराचा पत्ता सांगणारी ही बहुधा पहिलीच व्यवस्था.

तिची अंमलबजावणी कशी झाली, तर बंद पानांवर जो मजकूर झळकला त्यात ते पान नुसते पाहणेही तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा आणि तीन लाखांपर्यंतच्या दंडाचा गुन्हा ठरवले गेले. ऑगस्टमध्ये देशभर घबराट उडाली. पाहणे हा गुन्हा नाही, गुन्हा वितरणाचा किंवा जाहीर प्रदर्शनाचा आहे, असे सांगून न्यायालयाला तो मजकूर बदलायला लावावा लागला. नागरिकाच्या हक्काची सूचना नागरिकाला धमकावणारी पाटी कशी होते, याचे इतके चोख उदाहरण क्वचित मिळेल.

त्याच वर्षी दिल्लीत मात्र प्रवाह उलटा वाहिला. स्टार इंडियाच्या क्रिकेट प्रक्षेपणासाठी 73 संकेतस्थळे संपूर्ण बंद करण्याच्या हुकमाला आव्हान दिले ते खुद्द केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान विभागाने. आक्षेपार्ह पानांपुरतीच बंदी ठेवा, अशी सरकारची मागणी होती आणि मार्चमध्ये ती मान्यही झाली. जुलैमध्ये फेरविचारात खंडपीठाने संपूर्ण बंदी पुन्हा लागू केली. सरकार संयमाची बाजू मांडत आहे आणि न्यायालय ती नाकारत आहे, हे दृश्य आज वाचताना चमत्कारिक वाटते. सरकारने तो धडा नीट गिरवला, असे पुढच्या घटना सांगतात.

2019च्या एप्रिलमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 'डायनॅमिक' मनाई हुकूम आणला. पायरसीलाच वाहिलेले संकेतस्थळ बंद केले की ते नाव बदलून दुसऱ्या दिवशी उगवते. तेव्हा प्रत्येक नव्या अवताराचे नाव यादीत घालण्याचे काम सहनिबंधकाकडे सोपवले गेले. प्रतिवादी कुणी हजर नव्हता म्हणून न्यायालयाने न्यायमित्र नेमला, हे मान्य केले पाहिजे. 2023च्या ऑगस्टमध्ये त्यापुढची पायरी आली: अजून निर्माणही न झालेल्या कलाकृतींना आगाऊ संरक्षण. न झालेल्या चोरीबद्दल अनोळखी माणसाविरुद्ध हुकूम, इतका हा प्रवास.

प्रतिवादी प्रत्यक्ष उभा राहिला की काय होते, हे साय-हबच्या खटल्याने दाखवले. शोधनिबंध फुकट देणाऱ्या या संकेतस्थळाविरुद्ध एल्सेव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी डिसेंबर 2020 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात आल्या. संस्थापिका अलेक्झांड्रा एल्बाक्यान यांनी वकील दिला, शास्त्रज्ञांच्या संघटना मध्ये पडल्या, आणि जो हुकूम एरवी पहिल्याच तारखेला मिळाला असता तो मिळायला ऑगस्ट 2025 उजाडले. दरम्यान केंद्राने नियतकालिकांच्या सामाईक वर्गणीसाठी तीन वर्षांकरिता 6000 कोटी रुपये मंजूर केले. बंदी अखेर झालीच. तरी साडेचार वर्षे दुसरी बाजू नोंदीवर आली, आणि भारतीय संशोधकाला निबंध परवडतात का हा प्रश्न निदान न्यायालयात विचारला गेला.

आता दुसऱ्या प्रवाहाकडे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम 69अ हे मुंबईवरील हल्ल्यानंतर महिन्याभरात, डिसेंबर 2008 मध्ये, संसदेने जवळपास चर्चेविना मंजूर केलेल्या दुरुस्तीतून आले. सार्वभौमत्व, संरक्षण, सार्वजनिक सुव्यवस्था अशी त्याची कारणे मोजकी आहेत. कॉपीराइट त्यांत नाही. 2009च्या नियमांतील नियम 16 सारी कारवाई गोपनीय ठेवायला सांगतो. सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार या कलमाखाली 2014 मध्ये 471, 2018 मध्ये 2799 आणि 2020 मध्ये 9849 दुवे रोखले गेले. हुंड्याची थट्टा करणारे एक उपहासात्मक संकेतस्थळ 2018 मध्ये असेच बंद झाले. ते चालवणाऱ्याला बंदीच्या आदेशाची प्रत आणि सुनावणी मिळावी, असा निर्देश दिल्ली उच्च न्यायालयाने दिला तो मे 2022 मध्ये.

शेवटी दोन्ही प्रवाह एकाच पत्रापाशी येतात. आदेश न्यायालयाचा असो वा मंत्रालयाचा, अशोका रोडवरच्या संचार भवनातून दूरसंचार विभागाचे पत्र सेवा कंपन्यांना जाते. कंपनीला परवाना टिकवायचा असतो; ती यादी वाचते आणि कळ दाबते. चित्रपटचोराचे पान आणि गैरसोयीच्या पत्रकाराचे पान यांत त्या कळीला फरक कळत नाही. कळायचा असेल तर तो आदेश देणाऱ्याला, आणि आदेशापूर्वी कुणी तो समजावून सांगितला तर.

दोन प्रवाहांमधली उरलीसुरली भिंत पाडली गेली ती पायरसीच्याच निमित्ताने. 2023 मध्ये चलतचित्र कायद्यात दुरुस्ती होऊन पायरसीला कडक शिक्षा आल्या. त्यापाठोपाठ 3 नोव्हेंबर 2023 रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने आपले आणि सेन्सॉर मंडळाचे मिळून 12 नोडल अधिकारी नेमल्याचे जाहीर केले. तक्रार आल्यास त्यांच्या निर्देशावर 48 तासांत मजकूर उतरवायचा. न्यायालयाच्या दारात जाण्याची गरजच संपली. फुटलेल्या प्रतीवर सेन्सॉरची खूण असली तरी चोर शोधण्याचे काम सेन्सॉरच्याच अधिकाऱ्याकडे जाणार, हा त्यातला किरकोळ विनोद.

सर्वोच्च न्यायालयाने 2015च्या श्रेया सिंघल निकालात 66अ हे कलम रद्द केले, त्यामागे पालघरच्या दोन तरुणींची अटक होती हे मराठी वाचकाला सांगायला नको. त्याच निकालाने 69अ वैध ठरवले ते त्यात लेखी कारणे आणि सुनावणीची तरतूद आहे म्हणून. शासनाने त्या तरतुदींना वळसा घालणारा रस्ता निवडला, तो कलम 79(3)(ब)चा. ऑक्टोबर 2024 मध्ये गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने सुरू केलेल्या 'सहयोग' पोर्टलवरून अधिकारी मध्यस्थ कंपन्यांना थेट सूचना धाडतात. फसवणूक, बनावट चित्रफिती, बालकांचे शोषण यांत तास महत्त्वाचा असतो, असे अधिकारी सांगतात. ते खोटे नाही. क्रिकेटचा सामना थेट चोरला जात असतानाही तास महत्त्वाचा असतो. पण तासाची निकड ही कायमच्या बंदीचे आणि कायमच्या मौनाचे कारण कसे होते, याचे उत्तर त्यांच्याकडून येत नाही.

न्यायालयांचे सूरही जुळलेले नाहीत. सरकारी कामकाजाविषयीचा मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार सरकारच्याच पडताळणी कक्षाला देणारा नियम मुंबई उच्च न्यायालयाने 20 सप्टेंबर 2024 रोजी रद्द केला. द्विसदस्य पीठात दुमत झाल्यावर न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांचे मत निर्णायक ठरले. वर्षभराने, 24 सप्टेंबर 2025 रोजी, कर्नाटक उच्च न्यायालयाने 'सहयोग'विरुद्धची एक्स कंपनीची याचिका फेटाळली.

तरीही गृह आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयांना काहीतरी टोचले असावे. 15 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अशी सूचना सहसचिव किंवा त्यावरच्या दर्जाच्या, आणि पोलिसांच्या बाबतीत किमान उपमहानिरीक्षक दर्जाच्या, अधिकाऱ्यालाच देता येते. तीत कायद्याचा आधार आणि नेमका दुवा लिहावा लागतो. सचिव पातळीवर दरमहा आढावा होतो. हवालदाराच्या ई-मेलवर कारभार चालण्यापेक्षा हे केव्हाही बरे. मात्र सकारण सूचना जाते ती कंपनीला. ज्याने तो मजकूर लिहिला, गायला किंवा चित्रित केला, त्याला तिची प्रत द्यावी असे त्या दुरुस्तीत कुठेही लिहिलेले नाही.