सिल्व्हिया : कोण कुणाला हसतंय?

वय झालेली एकटी बाई हा विनोदाचा जुना ठरलेला विषय. आंरी बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९०० साली आपल्या ‘हास्य’ या ग्रंथात मांडलं, की माणूस यंत्रासारखा ताठर वागू लागला की समाज त्याला हसतो. हे हसू म्हणजे एक शिक्षाच.

आता शिकागोच्या निकोल हॉलंडर यांची ‘सिल्व्हिया’ ही चित्रपट्टी घेऊ. १९८१ ते २०१२ ती अमेरिकी वर्तमानपत्रांत चालली. सिल्व्हिया प्रौढ, नवऱ्याविना राहणारी. रिटा नावाची मुलगी आहे, मांजरं आहेत. बाई बाथटबमध्ये बसून टीव्हीला उलट उत्तरं देते. बायकांच्या कपड्यांवर पहारा ठेवणारा ‘फॅशन पोलीस’सुद्धा या पट्टीत येतो.

मग यंत्रासारखं कोण वागतंय? टीव्ही तेच तेच बोलतो, पोलीस तेच तेच नियम सांगतो. सिल्व्हिया मात्र प्रत्येक वेळी नवं उत्तर शोधते. नियम बर्गसाँचाच, छडी तेवढी दुसऱ्या हातात गेली!

एकटी म्हणजे बिचारी, हे आपण न तपासताच धरून चालतो. म्हणून अशा बाईला हसण्याआधी आपण स्वतःला विचारावं: ताठर झालंय ते कोण? ती, की आपली समजूत?