कागदपत्रांविना जुन्या मोटारसायकलची नोंदणी : मोटार वाहन कायद्यातील मार्ग व मर्यादा

प्रस्तावना :

म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. एस्कॉर्ट्सची राजदूतही आता बाजारात नाही. तरीही महाराष्ट्रातील असंख्य पडव्यांत, गोठ्यांत आणि गॅरेजच्या मागील बाजूस जावा, येझदी, राजदूत व जुन्या बुलेट आजही उभ्या आहेत. वडिलांच्या वा आजोबांच्या पश्चात अशी गाडी दुरुस्त करून रस्त्यावर आणण्याची इच्छा अनेक कुटुंबांत निर्माण होते. इंजिन सुरू करणारा मिस्त्री मिळतो, सुटे भाग जुन्या बाजारात सापडतात; अडचण येते ती आर.सी. बुकाची. ते वाळवीने खाल्लेले असते, घर बदलताना हरवलेले असते किंवा गाडी घेतानाच मिळालेले नसते. प्रस्तुत लेखात अशा वाहनाच्या नोंदणीसंबंधी मोटार वाहन अधिनियम, १९८८ व केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील तरतुदींचा विचार करण्यात आला आहे.

कागद आणि नोंद यांतील भेद :

सर्वसामान्य बोलण्यात ‘गाडीला कागद नाहीत’ हे एकच वाक्य परस्परांहून पूर्णतः भिन्न अशा परिस्थितींसाठी वापरले जाते. कायद्याच्या दृष्टीने आर.सी. बुक ही नोंदणी नव्हे, तर नोंदणीचा दाखला होय. मूळ नोंद प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या नोंदवहीत असते. दाखला गेला तरी नोंद जात नाही. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे ज्यांचे काम एका अर्जाने होण्याजोगे असते, तेही एजंटाच्या हाती मोठी रक्कम देऊन मोकळे होतात.

अधिनियमाच्या कलम ३९ नुसार नोंदणीशिवाय कोणतेही मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविता येत नाही. याचा भंग केल्यास कलम १९२ अन्वये पहिल्या अपराधासाठी किमान २,००० व कमाल ५,००० रुपये दंड आहे. कलम २०७ अन्वये वाहन अडकवून ठेवण्याचाही अधिकार आहे. खाजगी वाहनाची नोंदणी कलम ४१(७) नुसार १५ वर्षे वैध असते आणि त्यानंतर दर वेळी ५ वर्षांसाठी तिचे नूतनीकरण करता येते. मुदत संपलेले वाहन नियम ५२ नुसार कलम ३९ च्या प्रयोजनार्थ वैध नोंदणीचे मानले जात नाही. मात्र मुदत संपणे आणि नोंदणी रद्द होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीस वर्षे बंद पडून असलेली बुलेट रस्त्यावर आणता येत नाही. परंतु तिचा क्रमांक तिचाच राहतो.

क्रमांक ज्ञात असल्यास :

म्हणून पहिला शोध क्रमांकाचा घ्यावा लागतो. मागील मडगार्डवर पुसट झालेली अक्षरे, जुनी विम्याची पावती, पी.यू.सी.चा तुकडा, गाडीसोबतचे एखादे छायाचित्र यांपैकी काहीही उपयोगी पडते. हल्लीच्या ‘एमएच’ व जिल्हा संकेतांक या पद्धतीपूर्वी तीन इंग्रजी अक्षरे आणि पुढे आकडे अशी पद्धत होती. असे जुने क्रमांक पुष्कळदा ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीत आढळत नाहीत, कारण हस्तलिखित नोंदवहीतील मजकूर प्रणालीत चढविलेला नसतो. संगणकावर नोंद न दिसणे म्हणजे नोंद नसणे नव्हे. अशा वेळी मूळ कार्यालयात लेखी अर्ज करून नोंदवहीचा उतारा मागावा. कार्यालयीन बोलीत यास ‘बी एक्स्ट्रॅक्ट’ म्हणतात. या उताऱ्यात मालकाचे नाव, चॅसिस व इंजिन क्रमांक, नोंदणीचा दिनांक आणि कर्जाचा बोजा असल्यास त्याची नोंद मिळते. उतारा हाती आल्यावर प्रणालीत मागील नोंद चढविण्याची, म्हणजे ‘बॅकलॉग’ची, विनंती करता येते. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांनाही उच्च सुरक्षा नोंदणी पाटी महाराष्ट्रात सक्तीची झाल्यावर, आपली गाडी प्रणालीत नाही हे अनेक मालकांना प्रथमच कळले.

नोंद अर्जदाराच्याच नावे असेल तर मार्ग सरळ आहे. नियम ५३ नुसार दाखला हरवल्याची तक्रार पोलीस ठाण्यात द्यावी, तसे नोंदणी प्राधिकाऱ्यास लेखी कळवावे आणि नमुना २६ मध्ये दुय्यम प्रतीसाठी अर्ज करावा. त्यानंतर नमुना २५ मध्ये नूतनीकरणाचा अर्ज. मोटार वाहन निरीक्षक गाडी प्रत्यक्ष पाहतो, चॅसिसवरील आकड्यांचा पेन्सिलने घेतलेला ठसा उताऱ्याशी ताडतो. दुचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १,००० रुपये झाले आणि २० वर्षांहून जुन्या दुचाकींसाठी ते २०२५ मध्ये २,००० रुपये करण्यात आले. याखेरीज विलंब शुल्क, राज्याचा पर्यावरण कर आणि कलम १४६ प्रमाणे त्रयस्थ पक्ष विमा हे खर्च येतात.

नोंद मृत वडिलांच्या नावे असल्यास कलम ५०(२) व नियम ५६ लागू होतात. मृत्यूनंतर ३० दिवसांत कळविणे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये अर्ज करणे अपेक्षित आहे. दुःखात असलेल्या घरात बंद मोटारसायकलची आठवण तीन महिन्यांत कोणास होत नाही, हे उघड आहे. विलंबाने हक्क बुडत नाही; मात्र मृत्यूचा दाखला, वारसांची प्रतिज्ञापत्रे व इतर वारसांची संमती ही जुळवाजुळव वर्षे जातील तशी कठीण होत जाते.

अनोळखी नावाची नोंद :

खरी गुंतागुंत येथे सुरू होते. गाडी तीन-चार हातांतून फिरलेली, व्यवहार तोंडी, आणि उताऱ्यावर नाव पहिल्याच मालकाचे. हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३० वर नोंदीतील मालकाची सही लागते. मधल्या विक्रेत्याच्या चिठ्ठीस कार्यालयात मोल नाही. म्हणून उताऱ्यावरील पत्त्यावर जाऊन मूळ मालक अथवा त्याचे वारस शोधणे हाच कायदेशीर उपाय उरतो, आणि तो वाटतो तितका अशक्य नसतो. लहान गावात जुन्या बुलेटचा मालक पोस्टमनलाही ठाऊक असतो. गाडी परराज्यातील असेल तर कलम ४८ अन्वये मूळ प्राधिकाऱ्याचे ना हरकत प्रमाणपत्र आवश्यक ठरते. ते देण्यापूर्वी चोरीचा गुन्हा नोंद वा प्रलंबित नसल्याचा पोलिसांचा लेखी अहवाल मागविला जातो. ३० दिवसांत नकार न कळविल्यास ना हरकत दिली असे मानले जाते. ही तरतूद अर्जदारांना क्वचितच माहीत असते.

इंजिन बदललेले असणे ही जुन्या गाड्यांतील आणखी एक नित्याची बाब. राजदूत वा बुलेटचे इंजिन गॅरेजमध्ये सहज बदलले जाई आणि कलम ५२ प्रमाणे त्याची नोंद करून घेण्याचे कोणाच्या मनातही येत नसे. तपासणीच्या वेळी मात्र ही तफावत संशयास्पद ठरते. त्या इंजिनाच्या खरेदीची पावती नसेल तर अर्ज तेथेच अडतो.

नोंदच न सापडल्यास :

क्रमांक नाही, मालक अज्ञात, केवळ चॅसिसवरचे आकडे हाती, अशा गाडीस नव्याने नोंदविण्याचा सर्वसाधारण मार्ग कायद्यात नाही. नियम ४७ नुसार नव्या नोंदणीसाठी नमुना २० सोबत नमुना २१ मधील विक्री प्रमाणपत्र लागते. सैन्यदलाने विकलेल्या वाहनांसाठीही संबंधित प्राधिकाऱ्याचे मूळ विक्री प्रमाणपत्र हवेच. २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम आले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकीस २०,००० रुपये शुल्क भरून १० वर्षांची नोंदणी व ‘व्हीए’ अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. परंतु भारतात पूर्वी नोंदलेल्या वाहनासाठी येथेही जुना दाखला मागितला जातो. शिवाय प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन व देखभाल यांपलीकडे अशी गाडी नियमित वापरता येत नाही. तेव्हा रोज शेतावर जाणाऱ्यास या योजनेचा उपयोग नाही.

यास एक अपवाद आहे आणि तो विचार करण्यासारखा आहे. शासनाने लिलावात विकलेल्या वाहनास क्रमांक नसेल अथवा असलेला क्रमांक खोटा आढळला, तर नियम ५७ नुसार चॅसिस व इंजिन क्रमांकाची पडताळणी करून प्रथम लिलाव करणाऱ्या विभागाच्या नावे नवा क्रमांक दिला जातो आणि मग तो खरेदीदाराच्या नावे होतो. म्हणजे पूर्वेतिहास अज्ञात असलेल्या वाहनाची नोंदणी तत्त्वतः अशक्य नाही. शासन स्वतः मध्यस्थ असेल तर ती होते. ज्या नागरिकाची नोंद कार्यालयातील वही जीर्ण झाल्याने नाहीशी झाली, त्याच्यासाठी मात्र तशी वाट नाही. चोरीच्या वाहनांना आळा घालण्यासाठी ही कडकाई आवश्यक आहे हे मान्य केले तरी, नोंदवही सांभाळण्यातील हेळसांडीचा भार नागरिकावर टाकणे न्याय्य म्हणता येत नाही. पोलीस पडताळणी, जाहीर सूचना व हरकतींसाठी मुदत या अटींवर नियम ५७ सारखीच सोय खाजगी मालकांस देता येण्याजोगी आहे.

अशी सोय नसल्यामुळेच ‘कागद करून देतो’ असे सांगणाऱ्यांचा धंदा चालतो. यात भंगारात गेलेल्या त्याच बनावटीच्या गाडीचे आर.सी. बुक मिळविले जाते आणि तिचा क्रमांक या गाडीच्या चॅसिसवर ठोकला जातो. काम झाल्यासारखे दिसते. पुढे अपघात होऊन चॅसिसची तपासणी झाली, तर विमा कंपनी दावा नाकारण्याची शक्यता असते आणि गाडी मुळात चोरीची निघाल्यास भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३१७ खालील, म्हणजे चोरीचा माल बाळगण्यासंबंधीच्या, चौकशीस सामोरे जावे लागते. आजोबांची गाडी प्रामाणिकपणे वापरू पाहणारा नातूही यात आरोपी ठरू शकतो. त्यामुळे जुनी गाडी विकत घेणाऱ्याने पैसे देण्यापूर्वीच चॅसिस क्रमांक स्वच्छ करून वाचावा, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवर ती चोरीस गेल्याची नोंद आहे काय हे पाहावे आणि नोंदवहीचा उतारा विक्रेत्याकडूनच मागावा. उतारा मिळत नसलेली गाडी सुट्या भागांच्या किमतीपेक्षा अधिक मोलाने घेऊ नये.