साठ तासांत हजार वर्षं

चार क्रेडिटचा पेपर म्हणजे साठ तास. एका क्रेडिटला पंधरा तासांचं अध्यापन, हे गणित प्रत्येक विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात छापलेलं असतं आणि सहसा कुणी त्याच्यापाशी थांबत नाही. पण हा आकडा इतिहासाच्या पेपराशेजारी ठेवून पाहा. प्राचीन भारताच्या एका पेपरात हडप्पापासून हर्षवर्धनापर्यंत जायचं असेल, तर तीन हजारांहून जास्त वर्षं साठ तासांत पार करावी लागतात. तासाला पन्नास वर्षं. वर्गात एखादा मिनिटभर खिडकीबाहेर बघत राहिला, तर तेवढ्यात दहा महिने निघून गेलेले असतात.

आता याच साठ तासांत फक्त चार दिवस बसवू. ८ मे ते १२ मे १९३०, स्थळ सोलापूर. चार दिवसांचे तास होतात शहाण्णव. म्हणजे जे घडायला शहाण्णव तास लागले, ते शिकायला साठ तास मिळतात. घड्याळ जवळजवळ घटनेच्याच चालीने चालायला लागतं. आणि तरीही वेळ पुरत नाही!

बी.ए.ला इतिहास कसा शिकवायचा, कुठला पेपर कुठे ठेवायचा, हा कुणाला रुक्ष कारकुनी मामला वाटेल. मला तो विलक्षण वाटतो, कारण तिथे काळाची मोजपट्टी ठरते. कुठे तासाला पन्नास वर्षं धावायचं आणि कुठे एका दुपारपाशी आठवडाभर थांबायचं, हे अभ्यास मंडळाच्या बैठकीत चार-सहा प्राध्यापक ठरवतात. पुढची काही वर्षं शेकडो मुलांच्या डोक्यातला भूतकाळ त्याच मापाने आकार घेतो.

या बैठकीला चौकट आखून दिलेली असते. महाराष्ट्रात २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने नव्या शैक्षणिक धोरणानुसार ती ठरली. एका सत्राला २० ते २२ क्रेडिट, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२, ऑनर्सचं चौथं वर्ष केलं तर १६० ते १७६. त्यात मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे पेपर, भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्र प्रकल्प, ऑन जॉब ट्रेनिंग हे सगळं बसवायचं. या चौकटीतली एक तरतूद इतिहासाला फार खोलवर भिडते: विद्यार्थी पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन किंवा दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडू शकतो. मग जुन्या वहिवाटीने पहिल्या वर्षी प्राचीन, दुसऱ्या वर्षी मध्ययुगीन, तिसऱ्या वर्षी आधुनिक असा क्रम लावला, तर वर्षभराने घरच्या अडचणीमुळे थांबलेली मुलगी गुप्तांपर्यंत पोचून थांबणार. तिच्या आजोबांनी जिथे मागावर काम केलं त्या गिरणीपर्यंत ती पोचलेलीच नसेल. म्हणून बी.ए. भाग एक हा पुढच्या दोन वर्षांचा उंबरठा असून भागत नाही, तो स्वतःत पुरा असावा लागतो. मग त्यात काय घ्यायचं?

याचं उत्तर शोधायला सोलापूरसारखी जागा क्वचित सापडेल. इथलं विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ ला स्थापन झालं. त्याआधी इथली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. नवं विद्यापीठ झालं ते एकाच जिल्ह्यापुरतं. २०१९ पासून त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव आहे. एका जिल्ह्याचं विद्यापीठ म्हटलं की लोकांना ते छोटं वाटतं. इतिहासाच्या दृष्टीने मात्र हे भाग्य आहे. अभ्यासक्रम ज्या मुलांसाठी लिहायचा, त्यातल्या बहुतेकांच्या गावातच अभ्यासाची साधनं उभी आहेत, आणि सकाळी एस.टी.ने निघून संध्याकाळी परतता येईल इतकी ती जवळ आहेत.

पण साधन समोर असणं वेगळं आणि ते वाचता येणं वेगळं. अमेरिकेत सॅम वाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठ इतिहासकार आणि आठ हुशार शाळकरी विद्यार्थी यांच्यापुढे त्याने लेक्सिंग्टनच्या लढाईविषयीचे तेच ते कागद ठेवले आणि वाचताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितलं. इतिहासकारांतल्या काहींचं संशोधन मध्ययुगाचं किंवा जपानचं, म्हणजे या लढाईपासून कोसभर दूरचं होतं. तरी त्यांची नजर आधी कागदाच्या तळाशी जात होती: लिहिलं कुणी, कधी, कुणासाठी? विद्यार्थी पहिल्या ओळीपासून सरळ शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेले. कागद त्यांना माहिती देत होता. इतिहासकारांसाठी तो साक्ष देत होता, आणि साक्षीदार कोण हे कळल्याशिवाय साक्षीचं वजन कळत नाही. ही सवय सनावळ्यांच्या आधी लावता येते. माझ्या मते पहिल्या सत्राचं खरं काम तेच आहे.

आणि त्यासाठी सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यासारखा धडा शोधून सापडणार नाही. सोळाव्या शतकात हा किल्ला अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्या सरहद्दीवर होता आणि दोघांनाही हवा होता. १५२४ च्या सुमारास विजापूरची राजकन्या मरियम हिचा विवाह बुऱ्हाण निजामशहाशी झाला, तेव्हा सोलापूर आंदण म्हणून कबूल केलं गेलं. ते दिलं मात्र गेलं नाही आणि त्यावरून लढाया पेटल्या. पुढे तालिकोटच्या लढाईच्या आसपास उलटी वरात निघाली. अहमदनगरची चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि तिच्याबरोबर आंदण म्हणून सोलापूरच! चाळीसेक वर्षांत तोच किल्ला दोन राजकन्यांच्या पदराला बांधला गेला, एकदा या दिशेने, एकदा त्या दिशेने.

हे आपल्याला कुणी सांगितलं? मुख्यतः फारसीत लिहिणाऱ्या बखरकारांनी. त्यांतला फिरिश्ता आधी अहमदनगरच्या दरबारात होता, १५८९ मध्ये विजापूरला गेला आणि तिथे इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने त्याने आपला मोठा इतिहास लिहिला. दुसरा सय्यद अली तबातबा. त्याचा 'बुऱ्हान-इ-मआसिर' निजामशहासाठी लिहिलेला. दोघांचे वृत्तांत अनेक ठिकाणी जुळत नाहीत. पहिल्या सत्रातल्या अठरा वर्षांच्या मुलाला तहांच्या तारखा पाठ करायला लावण्यापेक्षा हे दोन वृत्तांत भाषांतरातून शेजारीशेजारी दिले आणि एवढंच विचारलं, 'यातला कोण कुणाचं मीठ खात होता?' तर लेक्सिंग्टनच्या कागदांवर इतिहासकारांनी जे केलं, तेच तो किल्ल्याच्या खंदकाशी उभा राहून करायला लागेल.

शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, भीमा आणि सीना यांच्या संगमावर, हत्तरसंग कुडल आहे. तिथे एका शिवलिंगावर तीनशेहून जास्त मुखं कोरलेली आहेत आणि बघणारा तिथे खिळून जातो. अभ्यासक्रम आखणाऱ्याने मात्र संगमेश्वर मंदिरातल्या कोरीव लेखाशी रेंगाळावं. त्यावर शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा उल्लेख आहे आणि अखेरीस मराठी वाक्य आहे. जो हे वाचेल तो विजयी होईल, असा त्याचा आशय. सोलापूरचे शिलालेख-संशोधक आनंद कुंभार यांच्यामुळे तो अभ्यासकांपुढे आला. आपण शाळेत मराठीचा आद्य लेख म्हणून श्रवणबेळगोळचं नाव ऐकतो. अलिबागजवळच्या अक्षीचा लेख शके ९३४ चा मानतात, पण त्याच्या काळाबद्दल वाद आहे. आणि कालनिर्देश स्पष्ट असलेला सर्वांत जुना मराठी लेख कुडलचाच, असं अनेक अभ्यासकांचं म्हणणं आहे. हा वाद मिटवून मुलांना एक उत्तर देऊ नये. वादच अभ्यासाला लावावा. तारीख कशावरून ठरते, अक्षराचं वळण काय सांगतं, झिजलेलं अक्षर दोन जण दोन तऱ्हेने का वाचतात? या प्रश्नांसाठी साठातले सहा तास काढले, तर तेवढ्यासाठी दोन-तीन राजघराणी गाळावी लागतील. खुशाल गाळावीत, असं मला वाटतं.

सोलापूरच्या वर्गात आणखी एक संपत्ती बसलेली असते, ती हजेरीपटावर दिसत नाही. ती म्हणजे भाषा. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडमध्ये आहेत. हातमागावर आलेल्या पद्मशाली कुटुंबांच्या घरात तेलुगू बोलली जाते. दख्खनी, उर्दू तर पेठापेठांतून कानावर येते. पेशवाईतलं दप्तर मोडीत आहे आणि इंग्रजांनी १८८४ मध्ये छापलेलं मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचं सोलापूरवरचं विसावं पुस्तक इंग्रजीत. दूरच्या मोठ्या विद्यापीठात संशोधकाला दोन वर्षं घालवून जी कन्नड शिकावी लागते, ती अक्कलकोटच्या मुलीला आईकडून मिळालेली असते. फक्त ही आपल्या अभ्यासाची भाषा आहे, असं तिला कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून मायनर निवडताना 'कुठला विषय सोपा' असं न विचारता 'माझ्या हातात आधीच कुठली किल्ली आहे' असं विचारावं. कौशल्याच्या पेपरात मोडी ठेवली, तर तीसुद्धा मन लावून सराव केल्यास काही महिन्यांत वाचता येऊ लागते.

आता पुन्हा त्या चार दिवसांकडे. ५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली. गिरणगाव सोलापूर पेटून उठलं. ८ मेला पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. जमावाने पोलीस चौक्या आणि न्यायालय जाळलं. त्यानंतर १२ मेला मार्शल लॉ पुकारेपर्यंत शहरावर इंग्रजांची सत्ता नावापुरती राहिली. काँग्रेसचे स्वयंसेवक रहदारीसुद्धा सांभाळत होते असं सांगतात. मार्शल लॉ ३० जूनपर्यंत चालला. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. पाठ्यपुस्तकात हे सगळं सविनय कायदेभंगाच्या प्रकरणातल्या एका परिच्छेदात मावतं.

साठ तास दिले तर काय काय उघडेल! गिरणी कामगार सत्याग्रहात कसे आले? सरकारी वृत्तांतात ज्याला 'दंगल' म्हटलंय त्याला वर्तमानपत्र काय म्हणतं? खटल्यात साक्षी कुणाच्या झाल्या? मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात गृह खात्याच्या विशेष शाखेच्या फायली आहेत. त्यांच्या नकला वर्गात आल्या आणि एका गटाने ८ मेची सकाळ, दुसऱ्याने दुपार, तिसऱ्याने रात्र वाटून घेतली, तर तीनही गटांची कथा शेवटी जुळणार नाही. ती का जुळत नाही हे लिहून काढणं हाच परीक्षेचा पेपर व्हावा. असा एकच लहान, खोल पेपर पाचव्या सत्रात असला, की आधीच्या धावत्या पेपरांकडेही मुलं निराळ्या नजरेने बघतात: प्रत्येक वाक्याखाली असे चार-चार दिवस गाडलेले आहेत, हे त्यांना दिसायला लागतं.

क्षेत्र प्रकल्पाला सहसा दोन क्रेडिट असतात आणि प्रत्यक्ष कामाला एका क्रेडिटमागे तीस तास धरले, तर तिथेही साठच तास हाती येतात. जुन्या गिरणीचंच बघा. १८६० मध्ये रेल्वे आली, एकरुखचा तलाव १८७१ मध्ये पुरा झाला, आणि सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंगची गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. त्याच वेळी दख्खनमध्ये १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ चालू होता. भोंगा पहिल्यांदा वाजला तेव्हा गेटवर उभी असलेली माणसं कुठल्या करपलेल्या शिवारातून आली होती? गॅझेटिअर, रेल्वेचे आकडे आणि तलावाची नोंद एकत्र ठेवली की अर्थशास्त्र किंवा भूगोल मायनर घेतलेल्या मुलाला आपलं काम सापडतं.

आणि सेटलमेंट. आज ते शहरातल्या एका वस्तीचं नाव आहे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या माणसांना इथे तारेच्या कुंपणाआड ठेवलं गेलं, हजेरी घेतली गेली आणि गिरण्यांना त्यांची मजुरी पुरवली गेली. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला. ज्यांना ते कुंपण आतून आठवतं, ती माणसं आता ऐंशीच्या आसपास किंवा पुढची आहेत. चौकटीप्रमाणे मोठा प्रकल्प शेवटच्या वर्षासाठी राखून ठेवायची पद्धत आहे, कारण तोवर मुलं तयार होतात. किल्ल्यासाठी, शिलालेखासाठी ते ठीक. सेटलमेंटच्या मुलाखतींचा प्रकल्प मात्र बी.ए. भाग दोनच्या पहिल्याच सत्रात ठेवावा, अर्धवट तयारीच्या मुलांकडून करून घ्यावा लागला तरी चालेल. प्रश्न विचारायला ती शिकतील तेव्हा शिकतील. त्या वस्तीतल्या आजीचं बोलणं या जुलैतच रेकॉर्ड व्हायला हवं, तिच्या परवानगीने, तिच्याच बोलीत, आणि त्याची एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोंद करून ठेवलेली.