नवरात्र, दसरा आणि आपली लेणी : भिवंडीतून समजून घेताना

आश्विन महिना लागला की भिवंडीत एकाच आठवड्यात चार-पाच वेगवेगळी नवरात्रं दिसतात. जुन्या मराठी घरांत घट बसतात. पद्मानगरात तेलुगू भगिनी फुलांची बतुकम्मा रचतात. गुजराती वस्तीत गरबा सुरू होतो. उत्तर प्रदेश-बिहारहून यंत्रमागावर आलेले कामगार रामलीलेची आठवण काढतात. आणि त्याच दिवसांत आपल्या वस्त्यांमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिनाची तयारी चालू असते; नागपूरला कोण जाणार, बस कुठून सुटणार याची चौकशी होत असते.

या काळात आपले तरुण दोन टोकांना जाताना दिसतात. काही जण 'सगळेच करतात' म्हणून मंडळाच्या रांगेत उभे राहतात. काही जण मोबाईलवर आलेला कुठलाही मजकूर खरा मानून पुढे ढकलतात आणि कोणी पुरावा विचारला की गप्प होतात. दोन्हींचं कारण एकच आहे : सण म्हणजे नेमकं काय, तो आला कुठून, याची माहिती नाही. म्हणून हा लेख.

एक नाव, अनेक सण

नवरात्र हा देशभर एकसारखा साजरा होणारा एकच सण आहे, असं वाटतं. प्रत्यक्षात तसं नाही. महाराष्ट्रात आश्विन शुद्ध प्रतिपदेला मातीत धान्य पेरून त्यावर घट ठेवतात, रोज एक माळ चढवतात आणि नऊ दिवसांत उगवलेले अंकुर दसऱ्याला डोक्यात खोवतात. यात शेतीचं मूळ स्पष्ट दिसतं. खरीप हाताशी येत असताना आणि रब्बीची पेरणी तोंडावर असताना बी उगवतं की नाही हे पाहण्याची ही रीत असावी, असं अनेकांचं मत आहे.

तेलंगणात बतुकम्माला मूर्ती नसते. कुरडू, तरवड, झेंडू अशा रानातल्या आणि परसातल्या फुलांचा थरावर थर रचून उतरंड करतात, तिच्याभोवती बाया फेर धरतात आणि शेवटी ती पाण्यात सोडतात. हा सण भाद्रपद अमावास्येला सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे घट बसण्याच्या आदल्या दिवशी. 2014 साली तेलंगण राज्य झालं आणि बतुकम्मा राज्याचा अधिकृत सण ठरला. भिवंडीत तो आला पद्मशाली विणकरांसोबत.

गुजरातेत छिद्रांच्या मडक्यात दिवा ठेवून त्याभोवती गरबा खेळतात. बंगालमध्ये दुर्गा म्हणजे माहेरी आलेली लेक. दशमीला ती सासरी जाते म्हणून निरोप. उत्तरेत सारा भर रामावर आणि रावणदहनावर. पण छत्तीसगडमधल्या बस्तरचा दसरा 75 दिवस चालतो, तो दंतेश्वरी देवीचा असतो आणि त्यात रावण जाळलाच जात नाही. झारखंडमधल्या असुर आदिवासींमध्ये तर महिषासुराला पूर्वज मानून दुर्गापूजेच्या दिवसांत शोक पाळण्याची परंपरा आहे.

म्हणजे ऋतू, पीक, फुलं, पाऊस संपल्याची मोकळीक हा लोकांच्या जगण्याचा भाग आधीचा. त्यावर पुराणकथा चढल्या, आणि प्रत्येक प्रदेशात वेगळ्या चढल्या. हा फरक कळला की 'हा सण अनादी काळापासून असाच आहे' हे वाक्य आपोआप गळून पडतं.

आपल्या आज्या-पणज्यांचा दसरा

सणाची एक बाजू मात्र कौतुकाच्या लेखांत कधी येत नाही. जुन्या गावगाड्यात सण म्हणजे कामांची वाटणी होती आणि ती वाटणी जातीने ठरलेली होती. दख्खनच्या अनेक गावांत दसऱ्याला किंवा गावदेवीच्या जत्रेला रेडा बळी दिला जाई. रेड्यामागे धावणं, तो ओढत नेणं, मेलेलं जनावर उचलणं ही कामं महारांकडे. मरीआईचा गाडा हाकणं त्यांच्याकडे. वाजवायला मांग. मान पाटलाचा, पूजा पुजाऱ्याची, आणि शेवटी शिळंपाकं आपल्या वाट्याला.

म्हणून 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा फक्त 'कोणत्या देवाला मानायचं नाही' याची यादी म्हणून वाचू नका. सण सोडणं म्हणजे त्या सणातलं ठरवून दिलेलं काम सोडणं होतं. दीक्षेनंतर गावोगावी लोकांनी मेलेली ढोरं ओढणं थांबवलं, गावकीची कामं नाकारली, आणि त्यापायी बहिष्कार आणि मारहाण सोसली. आज कोणी सहज विचारतो, 'एक दिवस आरतीला आलास तर काय बिघडतं?' त्याला रागाने नव्हे, पण हा इतिहास सांगून उत्तर देता आलं पाहिजे.

विजयादशमीच का?

1956 साली दसरा 14 ऑक्टोबरला होता. दसरा तिथीने येतो, त्यामुळे दर वर्षी इंग्रजी तारीख बदलते. म्हणूनच दीक्षाभूमीवर काही जण 14 ऑक्टोबरला जातात, तर मोठा जनसागर दसऱ्याला लोटतो. दोन्ही बरोबर आहेत. एक तारखेची आठवण, एक तिथीची.

सम्राट अशोकांनी या दिवशी धम्म स्वीकारला अशी धारणा आहे, म्हणून आपण अशोक विजयादशमी म्हणतो. अशोकांच्या शिलालेखांत तिथीचा उल्लेख नाही, हे चर्चेत कोणी म्हटलं तर ते मान्य करा. पण तेराव्या शिलालेखात जे आहे ते त्याहून मोठं आहे. कलिंगच्या युद्धात झालेल्या संहाराचं दुःख राजा स्वतः सांगतो आणि धम्माने मिळवलेला विजय हाच श्रेष्ठ विजय, असं ठरवतो. शस्त्रपूजेच्या आणि सीमोल्लंघनाच्या दिवशी 'विजय' या शब्दाचा अर्थच बदलणं, ही त्या निवडीमागची ताकद आहे.

लेण्यांतली देवी

आता आपल्या घराजवळचा विषय. भिवंडी तालुक्यातल्या लोनाडला डोंगरात कोरलेलं बौद्ध लेणं आहे. ते साधारण पाचव्या-सहाव्या शतकातलं मानलं जातं. आत माणसांच्या आकृत्यांचा शिल्पपट आहे. आज तिथे खंडेश्वरी देवीची पूजा होते आणि बहुतेक लोक त्याच नावाने लेणं ओळखतात. कार्ल्याला भव्य चैत्यगृहाच्या दाराशीच एकवीरा देवीचं मंदिर आहे. भिवंडी-कल्याण-ठाण्याचा आगरी-कोळी समाज तिथे मोठ्या श्रद्धेने जातो. जुन्नरजवळ लेण्याद्रीच्या विहारात गणपती आहे, शिवनेरीच्या लेण्यात शिवाई.

हे कसं घडलं? दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुणे-जुन्नर भागातल्या वाटा पायी तुडवून याचा अभ्यास केला. 1962 च्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या पुस्तकात तो आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : लेणी जुन्या व्यापारी वाटांच्या आणि घाटांच्या जवळ कोरली गेली, आणि त्याच वाटांवर, तिठ्यांवर लोकांच्या मातृदेवता आधीपासून होत्या. भिक्खूसंघ असताना त्या मागे गेल्या. विहार ओस पडल्यावर लोक आपल्या देवींना घेऊन पुन्हा तिथे आले.

म्हणजे प्रत्येक ठिकाणी 'कोणीतरी येऊन बळकावलं' असं सरसकट म्हणता येत नाही. काही ठिकाणी लेण्यांची मोडतोड, रंगरंगोटी, नवी बांधकामं झाली आहेत, आणि त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण पुरावा दगडात शोधायचा, नावाच्या साम्यात नाही. आपल्याच तालुक्यातल्या वज्रेश्वरीचं उदाहरण घ्या. नावात 'वज्र' आहे एवढ्यावरून ते वज्रयानाचं स्थान ठरत नाही. आजचं मंदिर 1739 मध्ये वसई जिंकल्यानंतर चिमाजी अप्पांच्या नवसाशी जोडलेलं आहे. कच्चा दावा एक केला की पक्के दहा दावेही लोक हसण्यावारी नेतात.

सोपाऱ्याचा नववा लेख

सणांबद्दल आपली भूमिका काय असावी, याचं एक उत्तर आपल्याच परिसरात सापडलेलं आहे. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्याला अशोकांच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्या शिलालेखाचा तुकडा जवळच्या भुईगावला मिळाला, तो 1956 मध्ये. ज्या वर्षी नागपूरला धम्मचक्र पुन्हा फिरलं, त्याच वर्षी!

नववा लेख आहेच मुळी सणविधींवर. आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, बाळ जन्मलं की, प्रवासाला निघताना लोक नाना प्रकारचे मंगलविधी करतात. त्यांचं फळ थोडं, असं अशोक सांगतात. लोकांनी ते करू नयेत असा हुकूम ते काढत नाहीत. मोठं फळ देणारं धम्ममंगल कोणतं, ते पुढे ठेवतात : दास आणि नोकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा आदर, प्राण्यांबाबत संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान.

यादीतलं पहिलं नाव पाहा. दास आणि नोकर. दसऱ्याला भिवंडीत मागाला हार घालतात, हळदकुंकू लावतात. माग चालवणाऱ्याची मजुरी, बारा-बारा तासांची पाळी, कानठळ्या बसवणारा आवाज याकडे कोण बघतं?

मग आपण काय करायचं?

बावीस प्रतिज्ञा पाळायच्या, त्यात तडजोड नाही. पण शेजारच्या तेलुगू मावशीच्या बतुकम्माची टिंगल करायची नाही. ती आपल्यासारखीच कष्टकरी आहे. सणाच्या नावाखाली जात, बळी, अंधश्रद्धा आली तर तिथे ठाम उभं राहायचं.

आणि या वर्षी एक करा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास एका रविवारी वस्तीतली दहा-पंधरा मुलं घेऊन लोनाडला जा. वही-पेन न्या. खांब मोजा, शिल्पपट नीट पाहा, आत काय जुनं आणि काय नवं आहे ते लिहा, फोटो काढून तारखेसह जपून ठेवा. भिंतीला हात लावू नका, खडूने काही लिहू नका. देवीला आलेल्या गावकऱ्यांशी नम्रपणे बोला. हे लेणं दीड हजार वर्षांपूर्वी कोणासाठी कोरलं गेलं, ते त्यांना सांगा. त्यांच्यापैकी एकाने जरी पुढच्या वेळी रंगाचा डबा अडवला, तरी तो दसरा आपला.

जय भीम! नमो बुद्धाय!